आंकेवेनची तळी आणि होर्स्टरमेर : एका डच पायवाटेवरील पाण्याचा इतिहास

हॉलंडच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते, त्यात एक विधान बहुधा ठरलेले असते : डच लोकांनी समुद्र मागे हटवून जमीन मिळविली. हे विधान खोटे नाही, परंतु अर्धेच आहे. ज्या लोकांनी पाण्यातून जमीन काढली त्याच लोकांनी, आणि पुष्कळदा त्याच शतकांत, आपल्या हाताने सुपीक जमीन खणून तिचे पाणी केले; आणि त्या पाण्यापैकी काही पुढे पुन्हा उपसून कोरडे केले. या उलाढालीत कोठे जमीन राहावी आणि कोठे पाणी राहावे याचा निर्णय अखेर कशाने झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाच्या विचारासाठी संपूर्ण नेदरलँड्सचा पसारा न घेता एक लहानसा प्रदेश घेतला आहे. आम्स्टरडॅमच्या आग्नेयेस फेख्त नावाची एक संथ नदी वाहते. तिच्या पूर्वेस काही मैलांवर खोय हा वालुकामय उंचवटा आहे. हिल्व्हर्सम हे गाव त्याच्यावरच वसले आहे. नदी व उंचवटा यांच्यामधील सखल पट्ट्यात आंकेवेन नावाचे खेडे आहे. तेथून निघावे, तळ्यांमधून जाणाऱ्या 'बेर्खसे पाड' या पायवाटेने फेख्तकाठचे नेडरहोर्स्ट डेन बेर्ख गाठावे, मग होर्स्टरमेर या उपसलेल्या सरोवराच्या कडेने वळसा घालून पुन्हा आंकेवेनला यावे, अशी एक सोपी फेरी आहे. अर्ध्या दिवसात ती सावकाश पुरी होते. थोडी वाकडी वाट करण्याची तयारी असल्यास उत्तरेकडील नार्डरमेर हे सरोवरही पाहता येते. वाटेत चढ असा कोठे लागत नाही. तथापि डोळ्यांस सपाट वाटणाऱ्या या भूमीत पाण्याच्या पातळीचे जे दोन-दोन मीटरांचे फरक आहेत, त्यांतच तिचा इतिहास साठविलेला आहे. आणि तो वाचण्यास दप्तरखान्यातील कागदांइतकीच ही पायवाटही उपयोगी पडते.

प्रथम गावाच्या नावाकडे पाहू. 'वेन' या डच शब्दाचा अर्थ पीट. दलदलीत वाढलेली शेवाळे, बोरू, झुडपे मरून पाण्याखाली जातात; तेथे हवा न पोचल्यामुळे ती पूर्णपणे कुजत नाहीत आणि त्यांचे थरावर थर साचून एक काळसर, तंतुमय, स्पंजासारखी माती तयार होते, ती पीट. वाळविल्यावर ती लाकडाप्रमाणे जळते. शेवटचे हिमयुग ओसरल्यानंतरच्या सहस्रावधी वर्षांत पश्चिम नेदरलँड्सच्या फार मोठ्या भागावर ही माती साचली होती. मध्ययुगाच्या आरंभी हा प्रदेश आजच्यासारखा समुद्रसपाटीच्या खाली नव्हता, ही गोष्ट येथे मुद्दाम ध्यानात ठेवली पाहिजे. पीटच्या त्या विस्तीर्ण उशा समुद्राच्या पातळीहून काही मीटर उंच फुगलेल्या होत्या. म्हणजे डच माणसाने प्रारंभी जी जमीन कसावयास घेतली ती समुद्रापासून हिसकावलेली नव्हती. ती उंच, ओली आणि ओसाड होती.

साधारणतः इ. स. १००० ते १३०० या काळात हॉलंडचे काउंट आणि उत्रेख्तचे बिशप यांनी ही ओसाडी वसाहतवाल्यांस वाटून दिली. अशा कराराला 'कोप' म्हणत. बोस्कोप, न्यूकोप या गावांच्या नावांत तो शब्द अद्याप जिवंत आहे. एका कुटुंबास ठराविक मापाची, सुमारे ११० मीटर रुंद आणि सव्वा किलोमीटर लांब अशी पट्टी मिळे. वसाहतवाला स्वतंत्र कुळ असे आणि सत्ता मान्य केल्याची खूण म्हणून थोडासा वार्षिक कर देई. पट्टीच्या दोन्ही बाजूंस तो चर खणी, चरांतून पाणी नदीकडे निघून जाई आणि वर राय, ओट अशी धान्ये पिकत. आजही या भागात जी समांतर चरांची रेघाटी दिसते ती सात-आठशे वर्षांपूर्वीच्या या वाटपाची होय. आपल्याकडे गावाच्या शिवारात धारे बदलले, वाटण्या झाल्या, तरी जुन्या बांधांची रेषा जशी सहसा पुसली जात नाही, तसाच हा प्रकार आहे.

येथपर्यंत सर्व ठीक होते. मेख अशी की पीट कोरडी केली म्हणजे ती बसते. तिच्यातील पाणी गेल्यामुळे ती दबते, आणि हवा लागल्यामुळे अर्धवट कुजलेली वनस्पती पुढे कुजू लागते, म्हणजे माती अक्षरशः हवेत नाहीशी होते. कुरणाखालील निचरा केलेली पीट आजही काही ठिकाणी वर्षाकाठी अर्धा ते एक सेंटिमीटर खचते. हा आकडा क्षुल्लक भासेल. पण त्यास पाच-सहा शतकांनी गुणून पाहावे. जमीन खचली की चर पुन्हा तुडुंब भरत. चर खोल केले की जमीन आणखी खचे. चौदाव्या-पंधराव्या शतकांपर्यंत पुष्कळ ठिकाणी धान्याची शेती अशक्य झाली आणि शेतकऱ्याला गुरे पाळून लोणी व चीज यांवर गुजराण करणे भाग पडले. भाकरीचे धान्य बाल्टिक समुद्राकाठून जहाजांनी आणावे लागले. डच नौकानयनाच्या आणि नगरांच्या वाढीमागे ही खचणारी जमीन उभी आहे, असे प्रतिपादन काही इतिहासकारांनी केले आहे. त्यात अतिशयोक्तीचा अंश असू शकेल. परंतु शेतीतून सुटलेली माणसे आणि आयात धान्याची गरज या दोन्ही गोष्टी तेथे एकाच वेळी उपस्थित होत्या, हे नाकारता येत नाही.

पाणी काढण्याच्या साधनांचा इतिहासही याच उतरंडीचा आहे. आरंभी उताराने पाणी आपोआप जाई. पुढे बांध घालून त्यांत झडपांची दारे बसवावी लागली. कोकणात खारभूमीच्या बांधाला जशी उघाडी असते, ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ देते आणि भरतीला बाहेरचे पाणी अडविते, त्याच तत्त्वावर ही दारे चालत. कोकणातील खार आणि गोव्यातील खाजण ही खाडीच्या गाळाची असल्यामुळे तेथे हे तत्त्व शतकानुशतके पुरले. पीटची जमीन मात्र ओहोटीच्या पातळीखाली गेली आणि उघाडी निरुपयोगी झाली. तेव्हा पाणी उचलून बाहेर टाकणे प्राप्त झाले. पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीचा सर्वांत जुना उल्लेख आल्कमारच्या परिसरातील असून तो इ. स. १४०८ च्या सुमाराचा आहे. पवनचक्की हे हॉलंडचे बोधचिन्ह समजले जाते. वास्तविक ती एका दीर्घ पराभवावरचा उतारा होती.

या कामाची व्यवस्था पाहणाऱ्या जलमंडळांचा येथे निर्देश केला पाहिजे. राइनलांड मंडळाची सनद इ. स. १२५५ ची आहे. बांधाची डागडुजी कोणी करावी, चर कोणी साफ करावा, खर्चाचा वाटा कोणी किती उचलावा, एवढेच या संस्थांचे काम. परंतु त्यासाठी कर बसविण्याचा व दंड करण्याचा अधिकार त्यांना होता. जमिनीचा लाभ ज्याला, खर्चाचा भार त्याच्यावर, हे त्यांचे मूळ तत्त्व. ते तत्त्व कोठे पाळले गेले आणि कोठे मोडले, हे पुढे पाहू.

आता आंकेवेनच्या तळ्यांकडे वळू. बेर्खसे पाडवरून चालताना दोन्ही बाजूंस पाणी लागते, आणि त्या पाण्यात ठिकठिकाणी अरुंद, लांबट जमिनीच्या पट्ट्या दिसतात. त्यांवर बोरू माजलेला असतो, आल्डरची झाडे उगवलेली असतात. पाहणाऱ्याला वाटावे की ही निसर्गाची मूळ अवस्था. प्रत्यक्षात येथे मध्ययुगीन शेते होती आणि ती जाळली गेली. 'जाळली' हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे : माती इंधन म्हणून विकली गेली. जंगले तुटपुंजी असलेल्या त्या देशात मद्यनिर्मितीच्या भट्ट्या, पावाच्या भट्ट्या, विटांच्या भट्ट्या आणि आम्स्टरडॅमच्या घरांतील चुली यांना लागणारी उष्णता मुख्यतः पीटने पुरविली. सतराव्या शतकाला डच लोक सुवर्णयुग म्हणतात. त्या युगाची ऊब या चरांमधून नावेने गेलेली आहे.

पाण्याच्या वरची पीट फावड्याने काढता येई. परंतु इ. स. १५३० च्या सुमारास एक साधे हत्यार प्रचारात आले : लांब काठीच्या टोकाला लोखंडी कडे आणि कड्याला जाळे. त्याच्या साहाय्याने काठावर किंवा नावेत उभे राहून पाण्याखालचा लगदा खरवडून वर काढता येऊ लागला. हा लगदा पाण्यात कालवून, तुडवून, बाजूस राखून ठेवलेल्या जमिनीच्या पट्टीवर पसरीत. पाणी निथळल्यावर पायांना फळ्या बांधून तो दाबीत, मग विटांच्या आकाराचे तुकडे पाडून रचून वाळवीत. खणलेल्या लांब खड्ड्याला 'पेटखाट' आणि वाळवणाच्या पट्टीला 'लेखआकर' अशी नावे होती. बोरूने वेढलेल्या ज्या पट्ट्या आज दिसतात त्या ही वाळवणे होत. या एका जाळ्याने भूगोल पालटला. फावड्याने खणणारा पाणी लागले की थांबत असे. जाळेवाल्याला खालची वाळू लागेपर्यंत थांबण्याचे कारण उरले नाही.

खड्डे किती रुंद असावेत आणि पट्टी किती ठेवावी याचे नियम प्रांतिक सत्तेने केले होते, कारण पट्टी अरुंद झाली की वाऱ्याने उठणाऱ्या लाटा ती खाऊन टाकतात. नियम वरचेवर मोडले गेले. पट्टीतही पीटच होती, आणि पीटला भाव होता! दक्षिणेस लोस्ड्रेख्तला वाळवणांच्या पट्ट्या मोठ्या प्रमाणावर वाहून गेल्या आणि विस्तीर्ण, उघडी तळी तयार झाली; आंकेवेनला त्या पुष्कळशा टिकल्या, म्हणून येथे जुनी रचना वाचता येते. या तळ्यांच्या दोन भागांना 'हॉलंड्स एंड' व 'स्टिख्ट्स एंड' म्हणतात. हॉलंडची काउंटी व उत्रेख्तच्या बिशपचा मुलूख यांची जुनी हद्द या नावांत उरली आहे. खाली जमीन विरघळून गेली, पण वरची राजकीय सीमा नावांत राहिली, ही गंमत नोंदविण्यासारखी आहे.

राज्यकर्त्यांना या धंद्यातील धोका कळत नव्हता असे नाही. शेत खणले की त्यावरचा करही बुडतो, हे कोणत्याही खजिनदाराच्या लक्षात येते. म्हणून हॉलंडमध्ये पुढे अशी पद्धत पडली की खणणाऱ्याने क्षेत्राच्या हिशेबाने काही रक्कम अनामत ठेवावी. या ठेवीला स्टायव्हर या नाण्यावरून 'स्टायव्हरखेल्ड' म्हणत. तिच्या व्याजातून बुडलेल्या जमिनीचा कर भागावा, आणि खणणे संपल्यावर तळे उपसून तळाची जमीन पुन्हा लागवडीस आणावी, असा हेतू होता. प्रस्तुत लेखकाच्या मते या संपूर्ण इतिहासातील ही सर्वांत शहाणपणाची तरतूद होय. नुकसान करणाऱ्याकडूनच, नुकसान होण्याआधी, दुरुस्तीचे पैसे घेऊन ठेवावयाचे, हा विचार आजच्या खाणकायद्यांतही कष्टानेच शिरला आहे. कित्येक तळी त्या निधीच्या आधाराने पुढे उपसली गेलीही. जेथे निधी पुरला नाही किंवा तळाची माती खर्चाच्या मानाने हलकी निघाली, तेथे पाणी राहिले.

पायवाट संपते तेथे नेडरहोर्स्ट डेन बेर्ख हे गाव आहे. 'बेर्ख' म्हणजे डोंगर. आपल्याकडील माणसाला हसू यावे इतकी लहान ती टेकडी आहे. पण सर्वत्र पीट खचत असताना ही हिमयुगीन वाळूची टेकडी जागची हलली नाही, म्हणूनच मध्ययुगीन चर्च तिच्यावर उभे आहे. या गावाचा जुना व्यवसाय धुलाईचा. आम्स्टरडॅमचे कालवे घाण असत. म्हणून शहरातील श्रीमंतांचे कपडे नावेने येथे येत आणि स्वच्छ पाण्यात धुऊन, कुरणांवर वाळवून परत जात. हे स्वच्छ पाणी कोठून येत होते, हा प्रश्न वाचकाने मनात ठेवावा. खोयच्या वालुकामय उंचवट्यावर पडलेला पाऊस वाळूत मुरतो, जमिनीखालून पश्चिमेकडे सरकतो आणि सखल पट्ट्यात पाझराच्या रूपाने वर येतो. गाळून आलेले हे पाणी निर्मळ असते. तळ्यांतील वनस्पती, मासे आणि गावचे धोबी हे सर्व या एकाच पाझरावर जगत होते.

आता उपसण्याच्या इतिहासाकडे यावयाचे, तर काही काळ ही फेरी सोडून उत्तरेकडे बेम्स्टरला जावे लागते. कारण भांडवलाने सरोवर कोरडे करण्याचा मोठा प्रयोग तेथे झाला. इ. स. १६०७ मध्ये आम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांनी हे काम हाती घेतले. बांध घातला, त्याभोवती वलयाकार कालवा खणला, आणि पवनचक्क्या एकापुढे एक मांडून पाणी टप्प्याटप्प्याने त्या कालव्यात चढविले. इ. स. १६१० मध्ये बांध फुटून पुन्हा आरंभ करावा लागला, तरी १६१२ मध्ये सुमारे सात हजार हेक्टर जमीन कोरडी झाली. यान आद्रियान्सझोन लेखवाटर हा चक्क्यांचा कारागीर या कामामुळे प्रसिद्धीस आला. पैसे घालणाऱ्यांत डर्क व्हान ओस हा प्रमुख होता, इ. स. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांपैकी तो एक. याच कंपनीने इ. स. १६३७ मध्ये आपल्या वेंगुर्ल्यास वखार घातली, हे मराठी वाचकास सांगावयास नको. पूर्वेकडील व्यापारात गुंतणारा पैसा आणि सरोवराच्या तळाशी गुंतणारा पैसा एकाच पेढ्यांतून निघत होता. आणि दोन्हीकडे तो एकाच हिशेबाने, लाभांशाच्या हिशेबाने, गुंतविला जात होता. बेम्स्टरच्या चौरस आखणीचे सौंदर्य पुष्कळांनी वाखाणले आहे (इ. स. १९९९ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे), परंतु ती आखणी प्रथमतः भागधारकांना समान वाटे मिळावेत म्हणून उपयोगाची होती.

आंकेवेनच्या पूर्वेस, खोयच्या पायथ्याशी, 'स-ख्रावेलांड येथेही तेच भांडवल दिसते. इ. स. १६२५ च्या सनदेने आम्स्टरडॅमकरांनी तेथील माळरान घेतले, जमीन सपाट केली, निघालेली वाळू वाढत्या शहराच्या भरावासाठी नावेने नेली आणि मोकळ्या झालेल्या जागी आपली उपवनगृहे बांधली. खोयच्या शेतकऱ्यांची गुरे त्या माळावर चरत असत. त्यांनी विरोध केला, पण तो चालला नाही.

पवनचक्कीची शक्ती मर्यादित असल्यामुळे खोल व पाझराची सरोवरे एकोणिसाव्या शतकापर्यंत शिल्लक राहिली. हार्लेममेर हे त्यांतील सर्वांत मोठे; इ. स. १८३६ च्या नोव्हेंबरातील वादळाने त्याचे पाणी आम्स्टरडॅमच्या वेशीपर्यंत आणि डिसेंबरातील वादळाने लायडनपर्यंत ढकलले, तेव्हा ते उपसण्याचा निश्चय झाला. तीन प्रचंड वाफेच्या पंपांनी इ. स. १८४९ ते १८५२ मध्ये सुमारे अठरा हजार हेक्टरांचे हे सरोवर कोरडे केले. त्यानंतर लहानसहान सरोवरांच्या मालकांच्या मनात तीच आशा उत्पन्न झाली, यात नवल नाही. आपल्या फेरीच्या दक्षिण बाजूचे होर्स्टरमेर, क्षेत्र सुमारे सहाशे हेक्टर, इ. स. १८८२ मध्ये कोरडे झाले. लगेच पुढच्या वर्षी उत्तरेकडील नार्डरमेरवर वाफेचा पंप बसला.

नार्डरमेरचा हा पहिला प्रयोग नव्हता. इ. स. १६२३ मध्ये ते उपसण्यास आरंभ झाला होता आणि १६२९ पर्यंत त्यात यशही आले. परंतु त्या वर्षी फ्रेडरिक हेंड्रिक दक्षिणेत 'स-हेर्तोखेनबोसला वेढा घालून बसला असता स्पॅनिश व साम्राज्यीय फौजा पूर्वेकडून शिरल्या आणि त्यांनी आमर्सफोर्ट घेतले. हॉलंडच्या रक्षणासाठी नार्डरमेर पुन्हा पाण्याखाली घालण्यात आले; सहा वर्षांची कमाई बुडाली. गुडघाभर पाणी हे शत्रूस अडविण्याचे उत्तम साधन आहे : चालून जाण्यास ते जास्त आणि नाव चालविण्यास कमी, खालचे चर तर दिसतच नाहीत. इ. स. १६७२ मध्ये चौदाव्या लुईच्या सैन्याला याच उपायाने रोखले गेले, आणि पुढे त्यातूनच किल्ले, दारे व ठराविक पूरक्षेत्रे यांची एक पद्धतशीर जलरेषा उभी राहिली. या फेरीच्या परिसरात दिसणारे विटांचे छोटे किल्ले त्या रेषेचे आहेत. म्हणजे येथे काही जमीन अशीही होती की जिची किंमत ती बुडविता येते यातच होती.

इ. स. १८८३ चा दुसरा प्रयोग मालक रुटखर्स व्हान रोझेनबुर्ख याने केला. पाणी उतरले, पण खालून पाझर थांबेना. जमीनही अपेक्षेप्रमाणे निघाली नाही. इ. स. १८८६ मध्ये पंप बंद झाले आणि सरोवर पुन्हा भरले.

शेजारशेजारची दोन सरोवरे, एकच वालुकामय उंचवटा, एकच पाझर, एकाच दशकातील एकाच प्रकारची यंत्रे. एक कोरडे झाले व राहिले, दुसरे तीन वर्षांत सोडून दिले. होर्स्टरमेरला पाझर कमी होता असे नव्हे. उलट आजही तेथे फार मोठ्या प्रमाणावर पाणी वर येते, आणि त्यात खोल थरांतील मचूळ पाणीही असते. तेव्हा दोहोंतील फरक निसर्गाने केलेला नाही, असेच म्हणावे लागते. एका ठिकाणी कोळशाचे बिल भरत राहण्याचे ठरले, दुसऱ्या ठिकाणी ते थांबविण्यात आले. या टापूतील जमीन व पाणी यांची सीमा शेवटी खर्चाच्या वहीत आखली गेली आहे. तिला निसर्गाची किंवा पराक्रमाची सीमा समजण्यात आपली फसगत होते.

ही वही आणखी एकदा उघडली गेली. इ. स. १९०४ मध्ये आम्स्टरडॅमच्या नगरपालिकेपुढे अशी सूचना आली की हे निरुपयोगी सरोवर विकत घेऊन शहराचा कचरा त्यात टाकावा. हिशेबाच्या दृष्टीने सूचना वावगी नव्हती : दोनदा उपसूनही ज्याची शेती झाली नाही, ज्याच्यातून इ. स. १८७४ पासून रेल्वे जातच होती, त्याचा याहून सोयीचा उपयोग कोणता? याक. पी. टायसे या शिक्षकाने तिच्याविरुद्ध लेखणी उचलली. टायसे व त्याचा सहकारी एली हाइमान्स हे दोघे इ. स. १८९६ पासून निसर्गविषयक एक नियतकालिक चालवीत होते, आणि नार्डरमेरच्या बोरूत घरटी करणारा चमचा पक्षी व जांभळा बगळा यांची महती त्यांनी वाचकांस पटवून दिली होती. सूचना थोड्या मतांनी फेटाळली गेली. पण धोका टळला नव्हता. मालक दुसरे गिऱ्हाईक शोधू शकत होता. म्हणून इ. स. १९०५ मध्ये नैसर्गिक स्मारकांच्या रक्षणासाठी एक संस्था आम्स्टरडॅममध्ये स्थापन झाली आणि पुढील वर्षी तिने १,५५,००० गिल्डरांना नार्डरमेर विकत घेतले. तिची ही पहिली खरेदी. नेदरलँड्समधील निसर्गरक्षणाच्या चळवळीचा आरंभ येथूनच धरतात.

संस्थेच्या नावातील 'स्मारक' या शब्दावर थोडे थांबणे योग्य होईल. ज्या सरोवराला 'नैसर्गिक' म्हणून वाचविले ते अडीच शतकांत दोनदा कोरडे झालेले होते; आंकेवेनची तळी, जी पुढे याच संस्थेच्या ताब्यात आली, ती तर खाणीच होत. टायसेला हे ठाऊक नव्हते असे समजण्याचे कारण नाही. तरी फसलेल्या धंद्यांच्या जागी वाढलेले हे जीवन जपण्यायोग्य आहे असे त्याने मानले, आणि व्यवहारी मार्ग निवडला : आर्जव न करता जागा विकत घ्यावयाची. लाभांशाच्या वहीला त्याने दुसऱ्या एका वहीने उत्तर दिले.

परंतु खरेदीखताने जमिनीच्या पृष्ठभागाची मालकी मिळते; पाण्याची मिळत नाही. फेरीचा शेवटचा भाग होर्स्टरमेरच्या कडेने जातो, आणि तेथे हा मुद्दा डोळ्यांनी दिसतो. एका बाजूला तळ्याचे पाणी काठोकाठ. दुसऱ्या बाजूला, बांधाच्या पलीकडे, सुमारे दोन मीटर खाली कुरणे, घरे आणि मधून गेलेला सरळ मिडनवेख रस्ता. इतका खोलगट भाग शेजारी असल्यावर जमिनीखालचे पाणी तिकडेच ओढले जाणार. खोयवरून येणारा जो निर्मळ पाझर पूर्वी तळ्यांत वर येई, तो आता मोठ्या प्रमाणात होर्स्टरमेरमध्ये वर येतो. एवढेच नव्हे, तर तळ्यांतील पाणीच खाली मुरून तिकडे जाते. त्यात खोयवरील शहरांच्या पिण्याच्या पाण्यासाठी भूजल उपसले जाऊ लागल्यामुळे पाझर मुळातच आटला. तळी जी एके काळी घेणारी होती ती देणारी झाली. त्यांची पातळी राखण्यासाठी बाहेरचे पाणी आत घ्यावे लागले. ते खतांनी व सांडपाण्याने समृद्ध असल्यामुळे शेवाळ माजले आणि तळाशी उगवणाऱ्या वनस्पती मेल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील या तळ्यांची दुर्दशा इ. स. १८८२ च्या यशातून आलेली आहे.

येथे जलमंडळांच्या मूळ तत्त्वाची आठवण होते. होर्स्टरमेरच्या मालकांनी आपल्या उपशाचा खर्च दिला, यात संशय नाही. शेजारच्या तळ्याचे पाणी ओढले जाते त्याचा खर्च मात्र कोणत्याही वहीत मांडला गेला नव्हता. कारण त्या काळी तळ्यातील पाणी ही कोणाची हानी होऊ शकते, हीच कल्पना नव्हती. दक्षिणेकडील बेथून पोल्डरची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. तोही पाझराने जेरीस आलेला पोल्डर. पण आम्स्टरडॅमने इ. स. १९३० पासून तेथील पाझराचे पाणी पिण्यासाठी घेण्यास प्रारंभ केला आणि जे संकट होते ते मिळकत ठरले. होर्स्टरमेरला असा ग्राहक लाभला नाही.

मग होर्स्टरमेर पुन्हा भरून का टाकू नये? पाण्याच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पोल्डरमधील पातळी वाढविण्याचे किंवा त्याचा काही भाग जलमय करण्याचे प्रस्ताव पुढे आलेले आहेत. पण तेथे आता चार पिढ्यांची वस्ती आहे. त्या लोकांचे म्हणणे असे की शासनाच्या संमतीने उपसलेल्या जमिनीवर आम्ही घरे बांधली. तळ्यातील वनस्पतींसाठी आमच्या अंगणात पाणी का आणता? हे म्हणणे केवळ स्वार्थाचे म्हणून उडवून लावता येणार नाही. खोयच्या ज्या शेतकऱ्यांचा माळ इ. स. १६२५ मध्ये गेला त्यांनीही फार वेगळे काही म्हटले नसेल. इकडे पीटच्या जमिनीचा प्रश्न साऱ्या देशाचा झाला आहे : कुजणाऱ्या पीटमधून निघणारा कर्बवायू कमी करण्यासाठी इ. स. २०१९ च्या राष्ट्रीय हवामान-करारात असे उद्दिष्ट ठरले की पीटच्या कुरणांतून होणारे उत्सर्जन २०३० पर्यंत वर्षाकाठी दहा लक्ष टनांनी घटावे. त्याचा व्यवहारातील अर्थ एकच, की चरांतील पाणी वर चढवावयाचे. सात-आठ शतके जे खाली नेले ते पुन्हा वर आणावयाचे, आणि त्यासाठी गवत गमावणाऱ्या शेतकऱ्याला कोणी काय द्यावे, यावर तेथे वाद चालू आहे. स्टायव्हरखेल्डसारखा निधी या वेळी कोणी आधी बाजूला काढून ठेवलेला नाही.

दरम्यान पंप चालू आहेत. होर्स्टरमेरमध्ये वर आलेले पाणी, त्यातील मिठासह, उपसून फेख्तमध्ये सोडले जाते. नार्डरमेरची पातळी कोरड्या ऋतूत राखण्यासाठी बाहेरून पाणी घ्यावे लागते, आणि इ. स. १९८० नंतरच्या दशकापासून ते आत सोडण्यापूर्वी त्यातील फॉस्फेट एका यंत्रणेतून काढून टाकण्यात येते. त्यानंतर तेथील पाणी पुष्कळ निवळले आहे. तळाशी वनस्पती पुन्हा दिसू लागल्या आहेत, आणि रेल्वेच्या खिडकीतून आल्डरच्या झाडांवर पाणकावळ्यांची घरटी दिसतात.